हाताने रंगवलेला बॅनर, २४ बाय १० फूट: टांगणाऱ्याच्या नजरेतून

आधी निकाल सांगतो, कारणं मागनं. चेहऱ्याला आणि अक्षरांना पैकीच्या पैकी. शिलाईला काठावर पास. वेळेला नापास. परत करून घेणार का? घेणार, पण पावसाळ्यासाठी नाही.

माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा, वडिलांपासून चालत आलेला. लग्न, बारसं, सभा, गणपती, निवडणूक, कोल्हापुरात जे काही दोन दिवसांसाठी उभं करायचं असतं ते आम्ही वासे-बांबू-काथ्यावर उभं करतो. त्यामुळं बॅनर समोर आला की मी पहिल्यांदा चित्र बघत नाही. वजन किती, वारा कुठल्या अंगानं येणार, नेफा नीट आहे का, दोरी कुठं आवळायची, हे बघतो. चित्रकलेतलं ज्यांना कळतं त्यांनी वेगळं लिहावं. मी टांगणारा आहे, टांगणाऱ्यासारखंच लिहितो.

प्रसंग असा होता. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, म्हणजे २०२४ ला दीडशे वर्षं. त्याआधी ६ मे २०२२ ला स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता अख्खं शहर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. त्या वेळी चौकाचौकांत जे फ्लेक्स लागले त्यांतले बरेच माझ्याच माणसांनी लावले आणि नंतर उतरवलेही. उतरवलेल्या फ्लेक्सचं पुढं काय होतं ते मला पाठ आहे. भाजीच्या गाडीवर सावलीला, गोठ्याच्या आडोशाला, पावसाळ्यात जळणावर. महाराजांचा चेहरा जळणावर अंथरलेला बघितला आणि तालमीच्या बैठकीत मीच विषय काढला: या खेपेला कापडावर, हातानं रंगवलेलं करू.

बैठकीत खर्चावरनं फार वाद झाला नाही. वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवरनं. बॅनर तालमीचा नको, शहराचा करायचा असं ठरलं. म्हणजे खाली तालमीचं नाव नाही, अध्यक्षांचा फोटो नाही, शुभेच्छुकांची यादी नाही. हे गळी उतरवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात एखादा लहान बॅनर रंगवून झाला असता. शेवटी खालच्या कडेला दोनच शब्द टाकायचे ठरले: 'समस्त करवीरकर'.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांनी काम केलं त्या काकांनीच सांगितलं, "नाव टाकू नका मांडववाले. माझ्याकडं माणसं तीन, आणि त्यातलं एक मी." गंगावेशीच्या अंगाला जुन्या वाड्याचा सोपा, म्हणजे पडवी आहे, तिथं बसतात. पाटी नाही. दुसऱ्यांच्या पाट्या रंगवण्यात आयुष्य गेलं, स्वतःची राहूनच गेली. जुन्या पेठांतल्या कुठल्याही पेंटरला विचारलं तर तो घेऊन जाईल.

तिघांची कामं वाटलेली आहेत. काका चेहरे करतात. ऐन उमेदीत थिएटरवरचे सिनेमाचे बॅनर रंगवलेले. दुसरे मामा अक्षरांचे. ट्रकची पाठ, दुकानाचं शटर, गाडीची नंबरप्लेट, काहीही द्या, पट्टी न लावता सरळ रेघ मारतात. तिसरा पोरगा कलामहाविद्यालयात शिकलेला, एरवी कॉम्प्युटरवर डिझाईन करून पोट भरतो आणि असलं काम आलं की इकडं येतो. भिंतीवर बाबूराव पेंटरांचा फोटो, त्याला रोजचा ताजा हार.

तो फोटो तिथं उगीच नाही. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री (हेच पुढं बाबूराव पेंटर) हे आधी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवायचे. मग सिनेमाच्या नादाला लागले, परदेशी कॅमेरा मिळेना तर इथंच तयार करायच्या मागं लागले. आनंदराव १९१६ ला गेले; कॅमेरा पुरा केला तो बाबूरावांनी, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतःच रंगवली. पुढं जी. कांबळे यांच्यासारखा माणूस याच गावातनं जाऊन व्ही. शांताराम यांच्या सिनेमांची पोस्टरं करू लागला. हे सगळं मला काकांनी सांगितलं ते कापडाला खळ लावता लावता, आणि त्यात शिकवण्याचा आव नव्हता. जाड रंग का द्यायचा नाही हे समजावण्यासाठी त्यांनी नाटकाच्या पडद्याचा दाखला दिला. पडदा वर गुंडाळत जायचा असतो. जाड रंग दिला तर दहाव्या प्रयोगाला तडकून समोरच्या बाजारपेठेतली घरं झडायला लागतात. म्हणून खळ पातळ, रंग पातळ, आणि एकावर एक हात. आमचा बॅनरही त्याच हिशेबानं केला. आजवर एवढ्यांदा गुंडाळला आणि सोडला, तडा एकही नाही.

कापड मांजरपाट. पन्हा ६३ इंचांचा, म्हणून दोन पट्ट्या आडव्या जोडून दहा फूट उंची साधली, वर-खाली नेफ्यापुरती दुमड. असला जोड बरोबर मध्यावर येतो. काकांनी कच्चं चित्र काढलं तेव्हाच महाराजांचा चेहरा वर सरकवून जोड छातीवर घेतला. "तोंडावर शिवण आली तर टाके घातल्यागत दिसतंय." कापड आधी भिजवून, वाळवून आटवून घेतलं. नंतर सरसाची खळ, त्यावर झिंक पावडरीचा पातळ हात, आणि वाळल्यावर काचकागद. हे सगळं फक्त दर्शनी बाजूला. मागची बाजू पण रंगवून द्या म्हणून मी बरीच गळ घातली, कारण पाऊस मागनं मारणार हे मला दिसत होतं. काकांनी नाही म्हणजे नाहीच म्हटलं: वजन वाढतं आणि दोन्हीकडनं रंग बसला की कापड पापडासारखं कडक होतं. त्यांच्या हिशेबानं ते बरोबर होतं. माझ्या हिशेबाचं पुढं सांगतो.

मग चौकटी. कागदावरच्या चित्रावर पेन्सिलीनं बारीक चौकोन, कापडावर फुटाफुटाचे. कावेत बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मध्ये टिचकी मारायची. तांबडी रेघ उठते. आमच्या धंद्यात आम्ही खांबांची रांग अशीच आखतो, त्यामुळं दोरी धरायला मी बसलो. चोवीस उभे, दहा आडवे, दोनशे चाळीस चौकोन. एकेका चौकोनात जे आहे तेच मोठं करायचं. पोरगा म्हणाला प्रोजेक्टर आणतो, एका रात्रीत आखून देतो. काका म्हणाले, आण, आखून घे, आणि मग नाक कुठं बसतंय ते मी परत बघतो. प्रोजेक्टर काही आला नाही.

आता चित्राविषयी. मध्यभागी महाराज: फेटा, साधा अंगरखा, राजवस्त्रं नाहीत, छातीवर पदकं नाहीत. आमच्यातल्या काही जणांना पुस्तकात असतो तो झगा-पदकांचा दरबारी फोटो हवा होता. पण मैदानात शड्डू ठोकून बसणारा, शिकारीला रानात फिरणारा धिप्पाड माणूस पाहिजे असेल तर हाच बरोबर आहे. चेहरा काकांनी एकट्यानं केला, कुणाला हात लावू दिला नाही. जवळनं बघितला तर मी घाबरलो होतो. हनुवटीखाली हिरवट पट्टा, गालावर सरळ नारिंगी, डोळ्याच्या कोपऱ्यात जांभळा. रस्ता ओलांडून पलीकडं गेलो आणि तो सगळा रंग एकमेकांत मिसळून माणूस उभा राहिला. थिएटरसमोरनं जाणाऱ्या बसमधल्या माणसासाठी चेहरा करायची ही सवय. फ्लेक्सवाला लहान फोटो ताणून मोठा करतो तेव्हा लांबूनही गाल भाजल्यासारखे दिसतात. इथं चाळीस फुटांवरनं महाराज तुमच्याकडं बघतात.

डाव्या अंगाला वर राधानगरीचं धरण, खाली खासबागेचं कुस्तीचं मैदान. धरणाला सातही स्वयंचलित दरवाजे काढलेत आणि सातातनं पाणी पडतंय. शाळेतली पोरं खाली उभी राहून दरवाजे मोजायची. दिसायला झकास. पण खरं बोलायचं तर ही चूक आहे. महाराजांच्या हयातीत धरणाचं काम अर्ध्यावरच थांबलेलं होतं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. अर्धं बांधकाम, दगडांचे ढीग आणि कामावरची माणसं काढली असती तर चित्र जास्त खरं झालं असतं, आणि माझ्या मते जास्त चांगलंही. हे मी काकांना बोललो. ते म्हणाले, "लोकांना पाणी बघायचं असतंय." यावर काय बोलणार?

खासबागेचं चित्र पोरग्यानं केलंय आणि तिथं हात कच्चा आहे. मैदान छान उतरलंय: १९१२ चं बांधकाम, मध्ये हौदा, भोवती उतरती बसायची जागा. महाराज १९०२ ला विलायतेला गेले तेव्हा रोममधलं आखाड्याचं जुनं मैदान बघून आले आणि तसं आपल्याकडं हवं म्हणून हे बांधलं, हे कोल्हापुरात सगळ्यांना माहीत असतं. पण हौद्यातले दोन मल्ल बघा. धड पहिलवानाचं आणि पाय आठवीतल्या पोराचे. तालमीच्या बॅनरवर हे खपत नाही. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ह्यांना बैठका मारायला लावा."

उजव्या अंगाला शाहू मिलचं धुराडं, पॅलेस थिएटर, आणि खाली खडखडा, म्हणजे महाराजांची घोडागाडी. या बॅनरमधला सगळ्यात भारी भाग कुठला म्हणून मला विचारलं तर मी मधला चेहरा सांगणार नाही, हा उजवा खालचा कोपरा सांगेन. गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळावर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. महाराज खडखड्यातनं जाताना मुद्दाम तिथं थांबायचे, चहा प्यायचे आणि सोबत बसलेल्या बड्या लोकांनाही पाजायचे. काकांनी तो प्रसंग घेतलाय, पण महाराज पाठमोरे काढलेत. फेटा, रुंद पाठ, आणि वर उचललेल्या हातात कप. तोंड दिसतं ते गंगारामांचं, आणि खडखड्यात बसलेल्या दोघांचं. त्या दोघांच्या हातांत कप आहेत, पण अजून ओठाला लागलेले नाहीत. एक कपाकडं बघतोय, दुसरा महाराजांकडं. एवढ्याशा जागेत, तीन फुटांच्या पट्ट्यात, हे जमवलंय. पलीकडं २६ जुलै १९०२ ची पन्नास टक्के राखीव जागांची तारीख अक्षरांत लिहिलेली आहे, २१ आणि २२ मार्च १९२० ची अस्पृश्यांची माणगाव परिषद आहे, सगळं बरोबर आहे. पण रस्त्यावरचा माणूस थांबतो तो त्या दोन कपांपाशी.

धुराडं मात्र वाया गेलं. राखाडी धूर, मागं राखाडी ढग. जूनमधलं आभाळ काढायचा हट्ट कुणाचा होता ते कळलं नाही.

अक्षरांचं वेगळं सांगायला पाहिजे. मामांनी वरची ओळ कशी लिहिली ते मी समोर बसून बघितलं. आधी शिरोरेषा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड पट्टा. मग अक्षरं त्याखाली एकेक करून, आधी उभे दांडे, नंतर पोटं. 'राजर्षी'मधला रफार शेवटी, दोन झटक्यांत, ब्रश न उचलता. स्टेन्सिल नाही, छापा नाही. जाड-बारीक असं की अक्षराला चाल आल्यासारखी वाटते. ज्यांनी पेठेत फ्लेक्सवर 'राजषीर्' छापून आलेलं बघितलंय, आणि मी एकाच सकाळी तसले चार टांगलेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. फाँट बदलला की रफार पळतो, ऑपरेटरला ते दिसत नाही, आणि छापल्यावर बदलायला वेळ नसतो. मामांना लिहायच्या आधी मी शुद्धलेखनाचा कागद दिला होता. त्यांनी तो वाचला आणि त्यातली एक वेलांटी दुरुस्त करून मला परत दिला.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. मे महिन्याच्या मध्यावर इसार दिला, २० जूनचा शब्द होता. हातात पडला २५ जूनच्या रात्री, आणि तोही ओला. जूनमध्ये कोल्हापुरात हवेत एवढा दमटपणा असतो की तेलाचा रंग वाळतच नाही. आमच्याच गोडाऊनमधनं चार पंखे आणि दोन हॅलोजन नेले, सोप्यात रात्रभर चालू ठेवले. तरी पहाटे बोट लावलं की चिकट. खालच्या उजव्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा उमटलाय, तो अजून तसाच आहे. काकांचं म्हणणं, दोन पावसाळी आठवडे आधीच येऊन पडले त्याला मी काय करू. हे खरं असेलही. पण ज्याची जयंती २६ जूनला आहे त्याचा बॅनर पावसातच लागणार, हे काय जूनमध्ये कळतं?

दुसरी शिलाईची. कापड शिवून त्यांनीच आणलेलं. जोडाला एकेरी शिलाई होती. २४ फुटांच्या कापडाला वारा भरला की सगळा ताण जोडावर येतो. दुसऱ्याच दिवशी खासबागेच्या बाजूला वीतभर उसवलं. माझ्या शिंप्याला परांचीवर चढवून हातशिलाई करून घेतली. तुम्ही करून घेणार असाल तर रंगाला हात लावायच्या आधी जोडाला दुहेरी शिलाई आणि चारी कोपऱ्यांना कापडाचे तिकोनी ठिगळ मागून घ्या. रंगवल्यावर मशीनखाली घालता येत नाही.

तिसरी पाण्याची. मागची बाजू कोरी, म्हणून पाऊस तिथनं आत शिरतो. कोरडा होता तेव्हा दोघांनी उचलला, भिजल्यावर चौघं लागले. मी हे आधीच गृहीत धरून चाललो होतो म्हणून निभावलं. वर नेफ्यात सबंध बांबू घातला, खालच्या नेफ्यात लोखंडी पाईप, मागं ताडपत्री सोडली, आणि वरनं दोन फूट पुढं येईल असं पत्र्याचं छप्पर काढलं. फ्लेक्सला वारा जाण्यासाठी आम्ही सरळ ब्लेडनं अर्धगोल काप मारतो. इथं कापायची सोय नाही. म्हणून खालच्या दोऱ्या मुद्दाम ढिल्या ठेवल्या, वारा आला की पोट फुगतं आणि बाजूनं निघून जातो. भिंतीपासून हातभर अंतर सोडलं. हे सगळं ज्याला जमत नाही अशा माणसाकडनं असला बॅनर टांगून घेऊ नका, पहिल्या वावटळीत नेफा फाटेल.

प्रकाशाचंही एक. तेलाच्या रंगाला चकाकी असते. समोरून हॅलोजन मारला तर महाराजांच्या जागी एक पांढरा गोळा दिसतो. दिवे वरनं तिरपे लावले तेव्हा जमलं.

उतरवल्यावर ठेवायचा कसा हे काकांनी नीट सांगितलं, आणि हे फुकटचं ज्ञान पैसे मोजून घेण्यासारखं आहे. घडी अजिबात नाही. जाड पाईपवर गुंडाळायचा, रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत ठेवली तर रंग दाबला जातो आणि सुरकुत्या पडतात. मध्ये जुनं धुतलेलं धोतर. आमचं गोडाऊन नदीकडच्या अंगाला आहे, पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की आम्ही सामान हलवायला लागतो. म्हणून हा तालमीच्या माडीवर ठेवला. पाऊस संपल्यावर उघडला तेव्हा मागच्या बाजूला खालच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके होते, आणि पांढरा रंग पिवळट झालेला. माझ्या पोटात गोळा आला. काका म्हणाले, अंधारात राहिला की पांढरा पिवळा पडतोच, ऊन दाखवा. गच्चीवर सोडून ठेवला, आणि बराचसा परत पांढरा झाला. बुरशीचे डाग गेले नाहीत, पण ते मागनं आहेत.

मध्ये ऑगस्टमध्ये एक वेगळाच प्रसंग आला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून महाराजांनी बांधलेली ती वास्तू, आणि तिच्याच पाठीला खासबाग. गाव रडत होतं, हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. आमच्या बॅनरवर पॅलेस थिएटर आहे हे लोकांच्या ध्यानात होतं. बॅनर बघायला म्हणून माडीवर माणसं यायला लागली. त्यातले निम्मे मोबाईलवर फोटो काढून जायचे. तालमीत कुणीतरी सुचवलं की त्या चित्राखाली दोन ओळी श्रद्धांजलीच्या लिहून घेऊ. मामांना विचारलं. ते म्हणाले, लिहीन, पण मग हा दीडशेव्या जयंतीचा बॅनर राहणार नाही. विषय तिथंच मिटला. थिएटरच्या चित्राविषयी माझं मत आगीच्या आधी होतं तेच आहे: कमानी बरोबर आहेत, पायऱ्या जास्त उंच झाल्यात.

पैशाचं बोलू. चौरस फुटाला १६० रुपये, कापड, शिलाई, रंग सगळं धरून. २४० चौरस फुटांचे ३८,४०० झाले, ३८,००० वर मिटवले. फ्लेक्स मी १२ रुपयांनी छापून घेतो, म्हणजे याच मापाचा २,८८० मध्ये आला असता. या पैशात तेरा फ्लेक्स झाले असते, आणि तेराही एव्हाना जळणावर असते. माझं टांगायचं काम, छप्पर, ताडपत्री यांत धरलेलं नाही. ते मी तालमीला लावलं नाही. बिल छापील मिळत नाही. ज्या मंडळांना हिशेब तपासून द्यावा लागतो त्यांनी आधी सांगा, म्हणजे कागदावर सही-शिक्क्यासह पावती देतात. आमची पावती मामांनी लिहिली. रकमेची अक्षरं एवढी देखणी की खजिनदार ती फाईलला लावायला तयार नव्हते.

पुढच्या वर्षी ६ मेला आम्ही तो परत लावला. कोरडी हवा, स्वच्छ ऊन, मागं ताडपत्री नको, वर छप्पर नको. तेव्हा पहिल्यांदा मला तो बॅनर टांगणारा म्हणून नाही, नुसता बघणारा म्हणून बघायला मिळाला. खडखड्यातल्या एकाच्या कपात चहा थोडा सांडलेला दाखवलाय, बशीत. हे मला आधी दिसलंच नव्हतं.

कुणी करून घेऊ नये: वाढदिवस, नियुक्ती, 'हार्दिक अभिनंदन'. तीन दिवसांचं काम असेल तर सरळ फ्लेक्स लावा, काकांचा वेळ खाऊ नका. ज्यांना दर वर्षी तोच लावायचाय आणि ठेवायला कोरडी जागा आहे, त्यांनी जावं. गणपतीच्या तोंडावर नको, तेव्हा ते देखाव्यांचे पडदे रंगवत असतात. जून-जुलैतलं काम असेल तर रंग मार्चमध्येच लागला पाहिजे असा आग्रह धरा, आणि शब्द काकांकडनं नाही, मामांकडनं घ्या. खासबागेसारखं मल्लांचं चित्र असेल तर पोरग्याला देऊ नका, काकांनाच करायला सांगा. थोडे पैसे जास्त घेतील. आणि फोटो मोबाईलवर दाखवायला नेऊ नका, कागदावर मोठा छापून न्या. काकांना चष्म्यातनं स्क्रीन दिसत नाही, आणि पोरग्याच्या हातात फोन गेला की काम अर्धा तास बंद.